गाडीला वळण लावताना

३ मार्च, सोमवार

पुन्हा पाय टेकला! आज चौथ्यांदा. आठच्या आकड्याचं पहिलं वर्तुळ ताई झक्क काढते. दुसऱ्यात शिरताना मात्र गाडी आधी अडते, आणि मग एकदम आत कोसळल्यासारखी पडते. की ताईचा डावा पाय जमिनीवर! परीक्षेत पाय टेकला की बाद. तिथल्या तिथे.

परीक्षा चोवीसला आहे. रुग्णालयाचं दुचाकी पथक. अपघाताच्या जागी ॲम्ब्युलन्सच्या आधी मोटारसायकलवरून पोचायचं आणि उपचार सुरू करायचे. जागा दोनच. लेखी ताईनं पहिल्या झटक्यात काढली! बारावीनंतर नऊ वर्षं औषधांच्या दुकानात उभी असलेली मुलगी, आणि शंभरात एक्क्याण्णव. राहिली फक्त गाडी चालवण्याची परीक्षा. स्वतःची गाडी न्यायची, आठ काढायचा, मग नागमोडी रस्ता. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

घरी येताना म्हणाली, "माझ्यातच खोट आहे गं. वळण आलं की हात लाकडासारखे होतात."

मला हे पटत नाही. माणसावर खापर फोडायच्या आधी गाडी मोजायला हवी. नऊ महिने नोकरीत दुसरं काय शिकले मी? ऑफिस नव्या इमारतीत हलतंय म्हणून महिन्याची सुट्टी मिळालीय. नऊ महिन्यांनी घरी आलेय, ती काय लोळायला? ठरलं!

४ मार्च, मंगळवार

बाबांना सांगितलं. ते कुणाच्या तरी गाडीचं इंजिन उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मोजा की इंजिनीअरबाई. कोण नको म्हणतंय?"

"तुम्हाला काय वाटतं? कशामुळे होत असेल?"

"मला वाटून काय उपयोग? मोजल्यावर कळेल ना."

एकतीस वर्षं गॅरेज चालवलं या माणसानं. इंजिनाचा आवाज ऐकून सांगतात, कुठला वॉल्व्ह बोलतोय. पण कधी काही लिहून ठेवलं नाही, मोजलं नाही. "हाताला कळतं," एवढंच. मला त्यांचा अभिमान आहे, पण हाताला कळलेलं दुसऱ्याला कसं द्यायचं? ज्ञान लिहून ठेवलं तरच ते सगळ्यांचं होतं. मी हे बोलून दाखवलं. आई आतून म्हणाली, "पोरींना वळण लावता लावता माझा जन्म गेला. आता गाडीलाही लावा!"

५ मार्च, बुधवार

नियम ठरवले. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर पाच आठ. किती वेळा पाय टेकला ते लिहायचं. गाडी कशी वाटली ते ताईनं आधी सांगायचं, मी नंतर अंदाज करायचा, उलट नाही.

सुरुवात हवेपासून. पुढच्या चाकात पाच पौंड जास्त निघाली, मागच्यात चार! पेट्रोल पंपावरचा काटाच खोटं दाखवतो. वर्षानुवर्षं अख्खं गाव टम्म फुगलेल्या टायरवर फिरतंय आणि कुणाला पत्ता नाही. पंपवाल्याला सांगून आले. तो म्हणाला, "आजवर कुणाची तक्रार नाही." म्हटलं, ही घ्या पहिली!

टायर मात्र चांगले आहेत. मधे सपाट झालेले नाहीत, गोलाई शाबूत आहे.

निकाल: पाचात पाच वेळा पाय. पण ताई म्हणाली, "खडीवर कमी उडतेय." म्हणजे काहीतरी हललं.

७ मार्च, शुक्रवार

आज मजा आली. दोरीचा दिवस!

मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का ते बघायचं होतं. चेनजवळ दोन्ही बाजूंना खुणा असतात. सगळे त्या खुणा सारख्या करतात आणि मोकळे होतात. मी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणली. बाबांनी हातातलं काम ठेवलं आणि दोरीचं दुसरं टोक धरून उकिडवे बसले. "जरा खाली घे. स्टँडला लागतेय." बसले ते अर्धा तास.

सहा मिलिमीटर! चाक सहा मिलिमीटर तिरकं, आणि खुणा मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारख्या. कारखान्यातूनच चुकीच्या पाडलेल्या.

बाबा हसले. "बघ, खूण म्हणते सरळ आणि दोरी म्हणते वाकडं. कुणाचं ऐकायचं?"

"दोरीचं!"

"बरं बाई, दोरीचं."

८ मार्च, शनिवार

चाक सरळ केल्यावर गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढत नाही. ताईला तर ती ओढते हे ठाऊकच नव्हतं. इतकी सवय झाली होती, की सरळ जायलाही ती उजवीकडे रेटत होती. म्हणाली, "खांदा दुखायचा तो यामुळे?"

आठ: पाचात चार वेळा पाय. पाचव्यांदा निघाला! गोदामाच्या आवारात आम्ही दोघी येड्यासारख्या ओरडलो. तेलाचे डबे मांडलेत तिथे खुणेला. रखवालदार बाहेर येऊन बघून गेला.

१० मार्च, सोमवार

मागचे शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर होते. गाडी आधी बाबांची होती, ते मागे अख्खं इंजिन बांधून न्यायचे. ताईचं वजन पन्नास किलोही नाही! खडबडीत वळणावर मागचं चाक जमिनीला लागतच नसणार. दोन खाचा खाली आणले. ताई म्हणाली, "आता गाडी माझ्यासोबत बसते." सुंदर वाक्य. लिहून ठेवलं.

आठ: पाचात तीन वेळा पाय. दुसऱ्या वर्तुळात शिरताना ते अडणं तसंच.

११ मार्च, मंगळवार

भांडण. चूक माझी.

मी म्हटलं, "तू पुढच्या चाकाकडे बघतेस. जिथे जायचंय तिथे बघ." खरंच होतं ते. पण दहाव्या वेळी सांगितलं, आणि रखवालदार बघत असताना सांगितलं. तिनं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं.

"शहाणे, तूच काढ ना आठ! पुस्तकातनं काढ!"

आणि चालत घरी गेली. गाडी मी ढकलत आणली. दीड किलोमीटर. चावी तिच्याच खिशात होती.

१२ मार्च, बुधवार

आज मीच आठ काढून बघितला. पाय टेकला. तीनदा.

पण कळलं! तिसऱ्या वेळी ताईचं ते "अडते" म्हणजे काय ते माझ्या मनगटांना कळलं. हळू जाताना हँडल सतत थोडंथोडं इकडेतिकडे हलत असतं, गाडी स्वतःच तोल सांभाळत असते. ही सांभाळतच नव्हती! हँडल जिथे ठेवावं तिथेच राहत होतं. वळवायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की एकदम जास्त वळतं. मग कोसळणारच. ताईचे हात लाकडाचे होत नव्हते. हँडल लाकडाचं होतं.

ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. मी तिला नजर कुठे ठेवायची ते शिकवत होते.

१३ मार्च, गुरुवार

मेन स्टँडवर गाडी, इंजिनाखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. हँडल मध्यावर धरलं, बोटानं हलकेच ढकललं. ते आपल्या वजनानं बाजूला पडायला हवं. नाही पडलं. अर्ध्यात थांबलं. वजनकाट्याचा हूक लावून ओढलं, तर लागायला हवा त्याच्या तिप्पट जोर!

कोनसेट. म्हणजे हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं ती जागा. तिचा नट भलताच आवळलेला. गोळ्या चिरडायच्याच बाकी होत्या. पाव फेरा सैल केला. पुन्हा ढकललं.

हँडल आपोआप, शांतपणे, झोप लागलेल्या मुलाच्या मानेसारखं बाजूला कललं.

दोनदा, तीनदा, दहादा करून बघितलं. गाडीला धरून पुढे-मागे रेटलं, खडखड नाही. म्हणजे जास्त सैलही नाही. ताईला हाक मारली. ती अजून फुगलेली होती. बोट लावून बघ म्हटलं. तिनं लावलं. हँडल कललं. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे एवढंच?"

एवढंच!

१४ मार्च, शुक्रवार

अकरा आठ. ओळीनं. एकदाही पाय नाही!

बाराव्याला तिनं मुद्दाम दोन्ही पाय हवेत पसरले आणि "ए शहाणे!" म्हणून ओरडली. रखवालदारानं टाळ्या वाजवल्या.

१५ मार्च, शनिवार

आज बाबांशी स्पष्ट बोलले. बोलायलाच हवं होतं. डिसेंबरात कोनसेट त्यांनीच बसवला होता. नवीन गोळ्या, नवीन ग्रीस, सगळं काम नीटनेटकं, आणि नट असा आवळलेला. ताईची परीक्षा गेली असती. नुसती परीक्षा कशाला, नागमोडी रस्त्यावर पडली असती तर?

मी म्हटलं, "बाबा, हे हाताच्या अंदाजानं करायचं काम आहे का? किती जोरानं आवळलं ते आकड्यात दाखवणारा टॉर्क पाना पहिल्या पगारातून पाठवला होता मी तुम्हाला. खिळ्यावर नुसता चकचकीत लटकतोय! एकतीस वर्षं चाललं म्हणून पुढेही चालेल असं नसतं. लोक जीव सोपवतात आपल्या हातात."

पाववाले काका क्लच केबल घालून घ्यायला आले होते, ते चहा घेत ऐकत होते. बाबा काहीतरी म्हणायला गेले. पण मी रंगात आले होते, बोलूच दिलं नाही. शेवटी फडक्याला हात पुसत म्हणाले, "बरं. बघतो."

पाववाले काका म्हणाले, "पोरगी वकील व्हायची ती चुकून इंजिनीअर झाली!" सगळे हसले. बाबाही.

रात्री ताई म्हणाली, "त्यांना बोलू तरी द्यायचंस." म्हटलं, कठोर वाटलं असेल, पण मुद्दा बरोबर होता. "मुद्दा असेल गं," एवढंच म्हणाली आणि कूस बदलली.

१७ मार्च, सोमवार

विचित्र. पाववाले काका पुन्हा आले. म्हणे, "परवा तू ताईच्या गाडीचं सांगत होतीस ना? माझीही अगदी तशीच करते. मला वाटलं पावांचा बोजा." ठोकळ्यावर चढवली. बोट लावलं. हँडल अर्ध्यात थांबलं!

पाव फेरा सैल. काका चौकात एक चक्कर मारून आले ते दारातूनच ओरडत, "अरे ही तर लग्नाआधीची गाडी झाली!"

दुपारी पोस्टमन. त्याचीही तीच तक्रार, तोच नट.

१८ मार्च, मंगळवार

गॅरेजच्या हिशेबाची वही चाळली. कोनसेट बसवलेल्या नऊ गाड्या मिळाल्या, सगळ्या मागच्या जूननंतरच्या. पाच जणांना निरोप धाडला, तिघे आले. तिन्ही आवळलेल्या! जूनच्या आधीच्या दोन गाड्याही बोलावून बघितल्या. लोण्यासारख्या फिरतात.

म्हणजे जूनमध्ये काहीतरी झालं. मी जूनमध्येच नोकरीवर गेले.

बाबांचं वय एकोणसाठ. चष्म्याचा नंबर वाढलाय. काल चहाचा कप उचलताना बोटं थोडी थरथरली, की मला तसं वाटलं? हातातली जाण कमी झाली की माणूस जास्त जोर लावतो, कारण आवळलेलं त्याला जाणवतच नाही. सगळं जुळतंय. मी नव्हते, आणि इकडे त्यांचा हात गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "विचार ना त्यांना सरळ."

"विचारून लाजवू त्यांना? ज्या माणसाचा हातच त्याची सगळी कमाई आहे त्याला?"

नाही. हे हळुवारपणे करायचं. पण करायचंच.

२० मार्च, गुरुवार

केलं. जेवण झाल्यावर, दोघंच असताना.

"बाबा, इतकी वर्षं राबलात. आता आवळाआवळीचं काम माझ्याकडे द्या. मी जाईपर्यंत ताईला शिकवते, मग ती बघेल सुट्टीच्या दिवशी. तुम्ही गिऱ्हाइकांशी बोला, आवाज ऐका, निदान करा. ते तुमच्याइतकं कुणालाच येत नाही."

वाटलं होतं, चिडतील. नाही चिडले. मला जरा वेळ निरखून बघितलं. मग म्हणाले, "गाड्या अडतायत, हे खरं ना?"

"खरं आहे."

"मग तू म्हणतेस तसं." कोनसेटचा वाकड्या टोकाचा जुना पाना माझ्या हातात दिला. मूठ झिजून त्यांच्या पंजाच्या आकाराची झालीय. मग साबण लावून हात धुतले. दुपारी दोन वाजता! आणि बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले. आई दोनदा बाहेर येऊन विचारून गेली, बरं नाही का म्हणून.

गलबललं मला. पण योग्य तेच केलं. आपल्या माणसाला सत्य सांगायला धीर लागतो, तो आपल्यात आहे, हे कळलं.

२२ मार्च, शनिवार

नऊच्या नऊ गाड्या दुरुस्त! प्रत्येक मालकाची मी माफी मागितली, गॅरेजच्या वतीनं. कुणीही चिडलं नाही. नवव्याचं हँडल कललं तेव्हा खुर्चीवरून बाबा म्हणाले, "आता बरोबर."

तिथून कसं कळलं त्यांना? दहा फुटांवरून?

२३ मार्च, रविवार

ताईला सक्तीची विश्रांती. गाडी पुसून ठेवली. हवा पुन्हा मोजली. दोरी पुन्हा लावली. बोट पुन्हा लावून बघितलं. मी अजून जागी, ती मात्र ढाराढूर झोपलीय.

२४ मार्च, सोमवार

निघाला! आठ निघाला, नागमोडी निघाला, ओल्या फरशीवरचा ब्रेकही निघाला. एकोणीस जणांत पाय न टेकलेले तिघेच, त्यात आमची ताई! संध्याकाळी यादी लागली. दुसरं नाव तिचं.

दुसऱ्या वर्तुळात शिरताना मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती बाहेर पडत होती. मान वळलेली, नजर पुढे, हात सैल. ती गाडी वळवत नव्हती, ती बघत होती तिकडे गाडी जात होती.

पथकप्रमुख बाई गाडीपाशी आल्या. हँडलला बोट लावून बघितलं. अगदी तसंच, जसं मी लावते! म्हणाल्या, "इतकी मोकळी गाडी आज दुसरी नाही. कुणी केलीय?" ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या बारा गाड्या आहेत. तुमच्या गॅरेजला देता येतील. पण काम कसं करता ते लिहून द्या, पायरी पायरीनं. आम्हाला लेखी लागतं."

लेखी! मी तर नाचायचीच बाकी होते. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. आईनं दोघींना पाठीत एकेक धपाटा घातला आणि रडली. उद्या सकाळी पहिलं काम: लिहायला बसायचं. गाडीच्या पुस्तकातली वाक्यं नेमकी घ्यायची, आपल्या मनानं काही नाही.

२५ मार्च, मंगळवार

गाडीचं पुस्तक हत्यारांच्या कपाटात असतं. कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला, वरून प्लॅस्टिक. मी पार विसरून गेले होते. मागच्या जूनमध्ये, नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी मीच लावला होता. वर लाल शाईत: "बाबांसाठी. अंदाज नको, आकडे!" खाली सव्वीस नट आणि प्रत्येक किती जोरानं आवळायचा त्याचे सव्वीस आकडे. कोनसेटसमोर पंचवीस.

पुस्तकातही पंचवीसच आहे. पण त्यापुढे एक ओळ आहे: "गोळ्या जागेवर बसल्या की नट पाव फेरा सैल करा व हाताच्या अंदाजाने बेताचा ठेवा." ती मी उतरवलीच नव्हती. रकाना आकड्यांचा होता, त्यात वाक्य मावत नव्हतं. खिळ्यावरचा चकचकीत टॉर्क पाना उतरवून बघितला, तर त्याचा आकडा पंचवीसलाच लावलेला.

माझ्या पंचवीसशेजारी बाबांनी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि खोडलं होतं.